स्वच्छ हात

स्वच्छता म्हणजे काय, असे विचारल्यास झाडलेले अंगण, धुतलेले कपडे आणि चिंचेने घासून लखलखीत केलेली भांडी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. हे सर्व इष्टच आहे. परंतु जे डोळ्यांना स्वच्छ दिसते, ते आरोग्याला निर्धोक असतेच असे नाही. हे सत्य जगाला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना शहराच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणींना शिक्षण दिले जाई. व्यवस्था जवळजवळ सारखीच होती. तरीही १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांपैकी अकरा माता मृत्यू पावल्या आणि दुसऱ्यात तिघींहूनही कमी. बहुतेकींचा बळी सूतिकाज्वराने घेतला. पहिल्या विभागात आपल्याला ठेवू नये, म्हणून स्त्रिया काकुळतीने विनवणी करीत.

तेथे नेमलेले तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना हे पाहवेना. गर्दी हे कारण म्हणावे, तर दुसऱ्या विभागात गर्दी अधिक होती. हवा म्हणावी, तर ती दोन्हीकडे एकच होती. १८४७ च्या मार्च महिन्यात त्यांचे एक सहकारी निवर्तले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटाला जखम झाली होती. त्यांच्या आजाराची लक्षणे सूतिकाज्वरासारखीच आहेत, हे पाहताच सेमेलवाइस यांना कारण उमगले. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिविभागात येत. ते साबणाने हात धूत आणि हात स्वच्छ दिसतही. पण त्यांना येणारा वास जात नसे. याच हातांनी रोग मातांपर्यंत पोहोचत होता. सुइणी मात्र शवविच्छेदन करीत नसत.

मे महिन्यात सेमेलवाइस यांनी नियम केला, की क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावाचून कोणीही मातेला स्पर्श करू नये. एप्रिलमध्ये शंभरांपैकी अठरा माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनांवर आले. तरीही अनेक डॉक्टरांना हे पटले नाही. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते. शिवाय ज्या हातांनी जीव वाचवायचे, तेच हात मृत्यू नेतात, हे मान्य करणे कठीण होते. १८६५ साली सेमेलवाइस उपेक्षितच वारले. पुढे पाश्चर व लिस्टर यांच्या कार्याने त्यांचे म्हणणे खरे ठरले.

रोगाचा एका शरीरातून दुसऱ्या शरीराकडे जाणारा मार्ग अडविणे, हा स्वच्छतेचा खरा अर्थ होय. पितळेचा हंडा आरशासारखा चकाकत असला, तरी त्यातील पाण्यात बोटे बुडाली की तो मार्ग खुला होतो. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घेतले की तो बंद होतो. नित्याच्या व्यवहारात हातांसाठी साबण व स्वच्छ पाणी पुरेसे असते; परंतु बोटांच्या बेचक्या व नखे यांसह हात निदान वीस सेकंद चोळले पाहिजेत. शौचानंतर, तसेच स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि तान्ह्या बाळाला घेण्यापूर्वी याचा आळस करू नये.

व्हिएन्नातील त्या डॉक्टरांपैकी बहुतेकांना स्वतःला काही अपाय झाला नाही. प्राण गेले ते मातांचे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्वच्छता मनुष्य स्वतःसाठी पाळतो, तशीच ती शेजाऱ्यासाठी, घरातील वृद्धांसाठी आणि पाळण्यातील बालकासाठीही पाळतो. जो आपले हात स्वच्छ ठेवतो, तो दुसऱ्याच्या जीवाची राखण करतो.