भिंतीवरून फेकलेलं ड्रॉइंग

थर्ड इयरला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटमध्ये ‘फंक्शनल ऑर्गनायझेशन’ची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. वर एक चौकोन, खाली डिझाईन, परचेस, प्रॉडक्शन, क्वालिटी. फायदे पाच, तोटे पाच, आठ मार्क खिशात! त्या तोट्यांत ‘विभागांमध्ये समन्वयाचा अभाव’ असं एक वाक्य असतं. ते मीही परीक्षेत लिहिलं. त्याचा अर्थ मात्र कळला इन-प्लांट ट्रेनिंगला.

कंपनीचं नाव सांगत नाही. तिथे असेंब्ली लाईनवर एक ब्रॅकेट बसवताना फिटरकाका खिशातून वेगळाच पाना काढायचे. ग्राइंडरवर घासून निम्मा केलेला. बोल्ट आणि शेजारचा पाइप यांच्यामध्ये साधा पाना जातच नव्हता! मी विचारलं, “काका, डिझाईनवाल्यांना सांगितलं नाही का?” काका हसले. “ते वरच्या मजल्यावर बसतात. आणि आपलं काम भागतंय की!” असं दोन वर्षं भागत होतं. वरच्या मजल्यावर विचारलं, तर साहेब म्हणाले, “आमच्याकडे तशी तक्रारच नाही.” दोघंही खरंच बोलत होते.

त्या कंपनीत आळशी कोणीच नव्हतं. डिझाईनला गुण मिळायचे ते ठरल्या तारखेला किती ड्रॉइंग्ज रिलीज झाली त्यावर. परचेसला, भाव किती पाडला त्यावर. प्रॉडक्शनला, शिफ्टमध्ये किती नग निघाले त्यावर. प्रत्येकाचं प्रगतिपुस्तक झकास, आणि माल मात्र दुरुस्तीच्या कोपऱ्यात साठलेला! या पद्धतीला ‘ओव्हर द वॉल’ म्हणतात. डिझाईनने ड्रॉइंग पूर्ण करायचं आणि भिंतीवरून पलीकडे टाकायचं. झेलणाऱ्याने आपलं बघून घ्यावं.

ही भिंत मोठ्या प्रमाणावर कोणी पाडली, हे शोधताना बोईंग ७७७ ची हकिकत हाती लागली. १९९० साली हे विमान हाती घेतलं, तेव्हा बोईंगमध्ये हीच पद्धत मुरलेली होती. कागदावरची ड्रॉइंग्ज, मग पूर्ण आकाराचं मॉक-अप, आणि पाइप कुठे कशाला धडकतो ते मॉक-अपवर कळणार. फिल कॉन्डिट आणि त्यांच्यानंतर प्रकल्पप्रमुख झालेले ॲलन मुलाली यांनी विभाग तसेच ठेवले, पण काम विमानाच्या भागांनुसार वाटलं. एकूण २३८ टीम्स झाल्या. एकेका टीममध्ये डिझायनरच्या शेजारी टूलिंगवाला, प्रॉडक्शनवाला, खरेदीवाला, आणि गरज असेल तिथे पुरवठादारही. आठ विमान कंपन्यांना तर विमान कागदावर उतरायच्या आधीच चर्चेला बोलावलं होतं. त्याचा फायदा कसा झाला बघा. पंखावरचं इंधन भरायचं पॅनेल इतकं उंच ठेवलं होतं, की विमानतळावरच्या नेहमीच्या गाड्यांना ते गाठताच आलं नसतं. हे डिझायनरच्या नव्हे, युनायटेड एअरलाईन्सच्या माणसांच्या लक्षात आलं. ते पॅनेल रोज हाताळणार कोण? तेच ना!

दुसरी गोष्ट, सगळ्यांचं ड्रॉइंग एकच. कॅटिया या सॉफ्टवेअरमध्ये अख्खं विमान थ्री-डीमध्ये उभं केलं. हायड्रॉलिक्सवाल्याचा पाइप डक्टवाल्याच्या हद्दीत घुसला, की तो स्क्रीनवरच पकडायचा. सॉफ्टवेअरवर विश्वास बसावा म्हणून नाकाकडच्या भागाचं एक मॉक-अप बनवलं, आणि सगळं बसतंय म्हटल्यावर पुढची मॉक-अप्स रद्द केली. पहिल्या विमानाची सरळ रेषेतली जुळणी लेझरने मोजली, तर फरक भरला ०.०२३ इंच, म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या आसपास. विमानाची लांबी ६३.७ मीटर! (आमच्या वर्कशॉपच्या जॉबमध्ये ५० मिलिमीटरला एवढा फरक येतो, असो.) १२ जून १९९४ ला ते उडालं आणि पुढच्या जूनमध्ये प्रवासी घेऊन धावू लागलं.

आता कोणी म्हणेल, मग चांगलं सॉफ्टवेअर आणा, झालं! तर एअरबसचं उदाहरण घ्या. ए-३८० च्या एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गमधून वायरिंगसकट आलेले भाग तुलूझला जोडायला घेतले, तर वायर आखूड पडू लागल्या. सॉफ्टवेअर दोन्हीकडे कॅटियाच. पण जर्मनीत व्हर्जन चार आणि फ्रान्समध्ये व्हर्जन पाच! २००६ मध्ये हे जगजाहीर झालं आणि पहिलं विमान ऑक्टोबर २००७ मध्ये ग्राहकाला मिळालं, सुमारे दीड वर्ष उशिरा. भिंत कॉम्प्युटरमध्येसुद्धा बांधता येते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. २००६ मध्ये हेच मुलाली फोर्डचे प्रमुख झाले. त्या वर्षी कंपनीचा तोटा १२.७ अब्ज डॉलर. त्यांनी दर गुरुवारी सगळ्या विभागप्रमुखांची एकत्र बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामावर रंग द्यायचा. ठीक असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. आठवडेच्या आठवडे सगळे तक्ते हिरवेगार! एवढ्या तोट्यात? शेवटी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या अडचणीवर लाल रंग लावला. खोलीत शांतता. आता यांची नोकरी गेली, असं सगळ्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, “यांना मदत कोण करू शकेल?” क्वालिटी, मॅन्युफॅक्चरिंग, सगळीकडून माणसं पुढे आली. नंतरच्या बैठकांत इतरांचेही लाल रंग दिसू लागले. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड गेली नाही. त्याला आधीच काढून ठेवलेलं मोठं कर्जही कारण होतं, सगळं श्रेय रंगांना नको.

मला कोणी विचारलं (अजून विचारत नाही, प्लेसमेंट व्हायची आहे), तर मी सांगेन की अख्ख्या कंपनीला एका दिवसात हात घालू नका. एक प्रॉडक्ट घ्या. त्याची माणसं एका खोलीत बसवा, आणि ज्याला ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणावं लागतं असा माणूस टीममध्ये पाठवू नका. नाहीतर नुसत्या मीटिंगा आणि चहाची बिलं वाढतात. सगळ्यात आधी गुण देण्याची पद्धत बदला. परचेसवाल्याचं अप्रेझल जोपर्यंत फक्त भावावर आहे, तोपर्यंत तो टीममध्ये बसूनसुद्धा भावच पाडणार, त्यात त्याचा दोष नाही. मात्र विभाग पुरते मोडूही नका. स्ट्रेस अॅनालिसिस करणारा एकटाच टीममध्ये तीन वर्षं राहिला, तर तो नवीन शिकणार कोणाकडून?

आणि एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं, असं नाही. त्याच बोईंगने ७८७ चे मोठमोठे भाग डिझाईनसकट बाहेरच्यांवर सोपवले. ते विमान तीन वर्षांहून जास्त उशिराने, सप्टेंबर २०११ मध्ये पहिल्या ग्राहकाकडे पोचलं.

आपल्याकडे फायनल इयरचा प्रोजेक्ट ग्रुप एकाच ब्रँचचा असावा लागतो. त्यामुळे मेकॅनिकलच्या रोबोचं सर्किट बाजारातून तयार येतं, आणि ई अँड टीसीच्या रोबोची चासी अॅक्रिलिक कापून फेव्हिक्विकने चिकटवलेली असते. हॉस्टेलमध्ये दोन्ही ग्रुप एकाच मजल्यावर राहतात, एकाच मेसला जेवतात! दोन्ही विभागप्रमुख सरांना विनंती आहे, की यंदा निदान दोन ग्रुप मिश्र होऊ द्यावेत आणि रिव्ह्यूला दोन्हीकडचे एकेक सर बसावेत. मार्क कोणी किती द्यायचे हे आधी ठरवावं लागेल. वर्कशॉप साडेपाचला बंद होतं आणि इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सहानंतर उघडते, तेवढं मात्र कसं जुळवायचं ते बघावं लागेल.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी