मोडक्या पियानोवर शिकलेले संगीतकार

संगीतकार म्हटलं की आपल्याला सिनेमातले संगीतकार आठवतात. पण युरोपात काही संगीतकार सगळे सूर कागदावर लिहितात आणि वादक ते वाचून वाजवतात. अशाच एका संगीतकाराची माहिती मी देत आहे. त्यांचे नाव आर्वो पॅर्ट.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ रोजी एस्टोनिया देशात झाला. हा लहानसा देश बाल्टिक समुद्राच्या काठी आहे. त्यांच्या घरी पियानो होता. पियानोला आपल्या पेटीसारख्याच पट्ट्या असतात, पण आत तारा असतात. त्या पियानोचे मधले सूर बिघडलेले होते. मग लहानगा आर्वो अगदी वरच्या आणि अगदी खालच्या पट्ट्याच वाजवून बघायचा.

१९६३ साली ताल्लिन शहरात त्यांचे संगीताचे शिक्षण पूर्ण झाले. ते रेडिओतही काम करत. १९६८ साली त्यांनी 'क्रेडो' लिहिले. त्यात देवावरची श्रद्धा होती. तेव्हा एस्टोनिया सोव्हिएत संघात होता. सरकारला ते आवडलं नाही. ते वाजवायला बंदी आली.

पुढची आठ वर्षे त्यांनी फार थोडं लिहिलं. मला वाटलं, रुसले असतील. पण नाही! ते चर्चमधलं फार जुनं गाणं शिकत होते. एकेक ओळ लिहून वह्याच्या वह्या भरत होते. एवढा मोठा माणूस जणू पुन्हा पहिलीत बसला.

१९७६ साली त्यांना नवी रीत सापडली. तिच्यात दोन आवाज बरोबर चालतात. एक पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखा जातो. दुसरा ठरलेल्या तीन सुरांतच फिरतो, घंटेसारखा. लॅटिन भाषेतल्या घंटेच्या शब्दावरून त्यांनी तिला 'टिंटिनाबुली' नाव दिलं.

१९८० साली त्यांना बायकोमुलांसह देश सोडावा लागला. आधी ते व्हिएन्नाला, मग बर्लिनला राहिले. १९९१ साली एस्टोनिया स्वतंत्र झाला. पुढे ते मायदेशी परतले. २०१८ साली लाउलास्मा गावात त्यांच्या कामाचं केंद्र उभं राहिलं. तिथे त्यांच्या वह्या जपून ठेवल्या आहेत.

आपल्या शाळेच्या पेटीच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत. मी म्हणायचो, पेटीच खराब, म्हणून मला येत नाही. आता तसं म्हणणार नाही. वाजतात तेवढ्या पट्ट्यांवर रोज शिकणार आहे.