झुब्रुव्का मद्य आणि त्वक् : कुमारिनचा विचार

झुब्रुव्का हा पोलंडमधील व्होडकाचा जुना व प्रसिद्ध प्रकार होय. राय या धान्याच्या संधानातून ऊर्ध्वपातनाने शुद्ध मद्यार्क काढतात आणि बियाओविएजा अरण्याच्या परिसरातून हाताने खुडलेले एक सुगंधी गवत वाळवून त्यात मुरवितात. बियालिस्तोक येथे त्याचे कारखानदारी उत्पादन १९२८ सालापासूनचे. 'झुब्र' म्हणजे त्या अरण्यातील बायसन. त्याच्या कुरणातील गवताची एक काडी प्रत्येक बाटलीत उभी दिसते.

आपल्या आसवारिष्टांत औषधी द्रव्यांसहच संधान होते व मद्यांश तेथेच उपजतो. येथे मात्र तयार मद्यार्कात वनस्पती घालतात. म्हणजे मद्यात विरघळेल तेवढेच उतरणार. त्यातील मुख्य घटक कुमारिन. हिरव्या गवतास वास बेताचाच असतो; सुकताना कुमारिन मोकळे होते आणि सुगंध सुटतो. प्रयोगातील प्राण्यांच्या यकृतावर दुष्परिणाम आढळल्यावरून अमेरिकेने १९५४ साली अन्नात कुमारिन मिसळण्यास बंदी केली. मूळ झुब्रुव्कास ती बाजारपेठ बंद झाली. पुढे तिच्यासाठी कुमारिनरहित प्रकार करावा लागला.

पोलंडच्या मद्याशी वैद्यांचे काय काम, असे वाचक विचारतील. तेच कुमारिन आपल्या दालचिनीत आहे! सिंहली दालचिनीत ते नाममात्र, पण चिनी जातीच्या जाड सालीत पुष्कळ. दर ग्रॅमला सुमारे ३ मिलिग्रॅमपर्यंत धरावयास हरकत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने ठरविलेली सह्य मात्रा शरीरभाराच्या दर किलोस रोज ०.१ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या रुग्णास ६ मिलिग्रॅम.

सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांत त्वक् एकच भाग असल्याने ३ ग्रॅम चूर्णातून जेमतेम ०.३ मिलिग्रॅम कुमारिन जाते. तेथे आम्हांस चिंता वाटत नाही. परंतु प्रमेही रुग्ण ऐकीव माहितीवर रोज ३ ग्रॅम दालचिनी महिनोन्‌महिने घेतात, तेव्हा हाच हिशेब ९ मिलिग्रॅमवर जातो. यकृतविकाराचा पूर्वेतिहास असल्यास हे अवश्य विचारावे.

औषधनिर्मात्यांनी त्वक् अखंड सालीच्या रूपातच घ्यावी. सिंहली सालीच्या कांडीत कागदासारखे पातळ, ठिसूळ थर एकात एक गुंडाळलेले असतात. चिनी साल जाड, टणक व एकपदरी असते. चूर्ण झाल्यावर डोळ्यांना हा भेद उरत नाही, म्हणून बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे.