पडद्यावरचा डाग : काचेचा, ब्राउझरचा की पानाचा?

कापडाच्या थानात दोष निघाला तर जाणता विणकर लगेच मागाला शिव्या देत नाही. तो आधी थान उजेडात धरतो. दोष थानाच्या लांबीने उभा धावत असेल तर तो ताण्यातला. पन्ह्याच्या दिशेने आडवा जात असेल तर बाण्यातला. वीण साफ आहे आणि फक्त रंग कमीजास्त आहे, तर तो रंगाईतला. दोष कुठला हे ठरल्याशिवाय तो कशालाही हात लावत नाही. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर वेबपान वेडेवाकडे दिसू लागले, तर हीच रीत चालते. आजचा धडा त्याच कामाचा आहे.

आमच्या दुकानातला कॉम्प्युटर २०१२ सालचा. आधी त्यावर विंडोज ७ होते, पुढे विंडोज १० टाकले. एके दिवशी ब्राउझरने स्वतःच नवी आवृत्ती घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून पानावर काळ्या पट्ट्या येऊ लागल्या. यादी उघडावी तर चौकट कोरी. पान वरखाली केले की अक्षरे उमटत, पुन्हा गायब होत. त्याच दिवशी आंधळगावच्या एका विणकराची मजुरी एनईएफटीने पाठवायची होती. खातेक्रमांकाच्या बरोबर मध्ये पट्टी आली. तो आकडा ३ आहे की ८, हे समजेना. अंदाजाने बटण दाबण्याचा मोह झाला, कारण पलीकडचा माणूस सकाळपासून वाट पाहत होता. पण मी थांबलो.

थांबलो ते बरे झाले. एनईएफटीत पैसे खातेक्रमांक पाहून जमा होतात. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचे दुसऱ्या कोणाचे खाते निघाले, तर विणकराची मजुरी परक्या घरी जाते आणि परत आणायला अर्ज करत फिरावे लागते. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवणारी सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. ती सोय जरूर वापरावी. परंतु नावावरच काळी पट्टी असेल तर तिचा काय उपयोग? म्हणून पहिला नियम : जो पडदा नीट वाचता येत नाही, त्यावर पैशाचे काम करू नये.

दुरुस्ती करणाऱ्याला फोन केला. त्याने मशीन न पाहताच सांगितले, ‘‘चाचा, कार्ड गेले. नवीन कॉम्प्युटर घेऊन टाका.’’ लहान दुकानदाराला हा खर्च म्हणजे हंगामाच्या मालातली कपात. म्हणून घरातल्या एमएस-सीआयटी झालेल्या मुलाला शेजारी बसवले आणि थान तपासावे तसा पडदा तपासला. अर्ध्या तासात दोष सापडला. खर्च काही नाही.

तीन परीक्षा

पहिली परीक्षा खिडकी सरकवण्याची. ब्राउझरची खिडकी लहान करावी आणि वरची पट्टी धरून इकडेतिकडे ओढावी. डाग काचेवर त्याच जागी राहिला तर दोष मॉनिटरचा किंवा वायरीचा. डाग खिडकीबरोबर सरकला तर दोष ब्राउझरचा किंवा पानाचा. डाग टॅलीत, कॅल्क्युलेटरमध्ये आणि मशीन सुरू होताना येणाऱ्या चिन्हावरही दिसत असेल, तर दोष मशीनच्या पोटात आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा चित्राची. किबोर्डवरचे प्रिंट स्क्रीन बटण दाबावे, पेंटमध्ये ते चित्र चिकटवून साठवावे आणि आपल्याच फोनवर पाठवून पाहावे. फोनवर चित्र साफ दिसले तर कॉम्प्युटर ठीक आहे. मॉनिटर किंवा वायर बघावी. फोनवरही डाग दिसला तर तो कॉम्प्युटरनेच काढलेला आहे. डाग चित्रात कधी उमटतो, कधी उमटत नाही, म्हणून या परीक्षेचा निकाल पहिलीशी ताडून पाहावा.

तिसरी परीक्षा दुसऱ्या डोळ्याची. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि फोनवर उघडावे. सगळीकडे तसेच मोडलेले दिसले तर दोष पान बनवणाऱ्याकडचा. आपण काही करू नये, काही वेळाने पुन्हा पाहावे. एकाच ब्राउझरमध्ये बिघडले असेल तर दोष त्या ब्राउझरचा.

आमच्याकडे पट्टी खिडकीबरोबर सरकली, चित्रातही उमटली, आणि फोनवर पान साफ होते. म्हणजे काच सुटली, पानही सुटले. राहिला ब्राउझर.

दोष ब्राउझरचा असेल तर

याचे कारण समजून घ्यावे. पान रंगवण्याचे काम ब्राउझर मुख्य प्रोसेसरकडून न करवता ग्राफिक्सच्या चिपकडे सोपवतो, म्हणजे काम झटपट होते. चिपशी बोलणारा जो दुभाषा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ब्राउझर काही आठवड्यांनी नवा होतो, ड्रायव्हर मात्र जुनाच राहतो. २०११ च्या सुमारास आलेल्या इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरातील ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज १० चा वेगळा ड्रायव्हर काढला नाही. जुन्यावरच काम चालते. नवा कारागीर नव्या बोलीत हुकूम देतो, जुना दुभाषा अर्धे समजतो, आणि पानावर काळे ठिगळ लागते.

उपाय सोपा आहे. हे काम चिपकडून काढून घ्यावे. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके असतात. तेथून सेटिंग्ज, मग डावीकडे सिस्टीम. तिथे ‘यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल’ असे वाक्य दिसेल. जुन्या आवृत्तीत ‘ग्राफिक्स’च्या जागी ‘हार्डवेअर’ असते. ते बंद करून रीलाँच दाबावे. एजमध्ये सेटिंग्जमधील सिस्टीम अँड परफॉर्मन्स या भागात हेच वाक्य आहे. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, परफॉर्मन्स असे जावे. आधी शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढावी, मग हार्डवेअर ॲक्सिलरेशनची. यानंतर व्हिडिओ थोडा अडखळेल, पण बिल, बँक आणि कर यांच्या पानांना काही फरक पडत नाही. आमच्या पट्ट्या एवढ्यानेच गेल्या.

हे करूनही फरक नाही पडला तर डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्स पाहावे. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेले असेल तर चिपचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोजच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर ड्रायव्हरच्या पानावरचे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू आहे का ते पाहावे. ड्रायव्हर घ्यायचा तर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा विंडोज अपडेटमधून घ्यावा. फुकट ड्रायव्हर देतो म्हणणाऱ्या अनोळखी पानांपासून दूर राहावे.

दोष पानाचा वाटला तर

पान मोठे-लहान दिसते, बटण कडेला कापले जाते, तर कंट्रोल आणि शून्य एकदम दाबावे. आकार मूळ पदावर येतो. मांडणी मोडली असेल तर कंट्रोल आणि एफ५ दाबावे. ब्राउझर आपल्याजवळ साठवलेला जुना तुकडा न वापरता पान नव्याने आणतो. तरीही नाही जमले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडावी. तिथे पान ठीक दिसले तर साठवलेल्या जुन्या तुकड्यात किंवा जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये खोट आहे. एक्स्टेन्शन एकेक बंद करून पाहावे.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर तो भाषेचा फॉन्ट नसल्याचा प्रकार आहे, मशीन खराब झाल्याचा नव्हे. २००० च्या आसपासच्या बऱ्याच मराठी पानांना त्यांचा स्वतःचा फॉन्ट लागत असे. तो नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. युनिकोड रुळल्यावर हा त्रास बहुतेक मिटला. माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना आणखी एक शंका येते. उर्दू मजकूर नस्तालीकऐवजी नस्ख वळणात दिसतो तेव्हा काही बिघडले असे वाटते. बिघडलेले काही नसते. पानाने मागितलेला फॉन्ट मशीनमध्ये नसेल तर ब्राउझर जवळचा दुसरा वापरतो. नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फॉन्ट बसवून ब्राउझरमध्ये निवडला की अनेक पाने ओळखीच्या वळणात दिसतात.

प्रत्येक सुरक्षित पानावर ‘जोडणी खासगी नाही’ अशी इंग्रजी सूचना येऊ लागली तर कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की मशीन बंद-चालू झाल्यावर तारीख जुन्या सालात जाते आणि पानाचे प्रमाणपत्र ब्राउझरला खोटे वाटते. सेल बदलावा, तारीख दुरुस्त करावी. तारीख बरोबर असूनही सूचना आली, तर ती ओलांडून बँकेच्या पानावर जाऊ नये.

दोष काचेचा किंवा पोटातला असेल तर

मशीन बंद करून, प्लग काढून मगच हात लावावा. जुन्या मॉनिटरची निळ्या डोक्याची व्हीजीए वायर दोन स्क्रूंनी घट्ट बसते. तिच्यात पंधरा पिनांची जागा असते. स्क्रू ढिले झाले किंवा पीन वाकली तर एखादा मूळ रंगच नाहीसा होतो आणि पडदा पिवळट किंवा निळसर दिसतो. कापडवाल्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. अशा पडद्यावर कोशाच्या साडीचा रंग पाहून ऑर्डर घेतली, तर माल पोचल्यावर भांडण ठरलेले. रंगाची खात्री सुताचा नमुना हातात घेऊनच करावी.

कापडाच्या दुकानात सुताचा तंतू हवेत उडत असतो. तो पंख्यात आणि जाळीत जाऊन बसतो. वर आपल्या भंडाऱ्याचा मे महिना. चिप तापली की पडद्यावर ठिपके, रेघा येतात आणि मशीन अचानक बंद पडते. सकाळी ठीक आणि दुपारी बिघाड असे होत असेल तर आधी ही सफाई करावी. पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने तंतू काढावा.

एक शिस्त मात्र पाळावी. एका वेळी एकच बदल करावा, पाहावे, आणि वहीत लिहून ठेवावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरे झाले हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डाग गेला, तरी वय जात नाही

येथे एक खरी गोष्ट सांगणे भाग आहे. पट्ट्या गेल्या म्हणजे मशीन सुरक्षित झाले असे नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज १० साठी पुढे काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची वेगळी नोंदणी ठेवली. ती केली नसेल तर चौकशी करावी. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० त्यावर चालत नाही. म्हणून विंडोज ७ वर नवी पाने मोडून दिसतात, त्याला सेटिंगचा इलाज नाही. नव्या पानाची भाषा त्या ब्राउझरला येतच नाही.

अशा मशीनवर बिले, साठा आणि जुना हिशोब ठेवावा. बँक आणि कर यांची कामे अद्ययावत फोनवर किंवा दुसऱ्या मशीनवर करावीत. मशीन ६४ बिटचे असून मेमरी ४ जीबी असेल तर लिनक्स मिंट हा मोफत पर्याय आहे. त्यावर ब्राउझर नवा राहतो. मात्र टॅली विंडोजची आहे, लिनक्सवर सरळ चालत नाही, हे आधी विचारात घ्यावे. काहीही बदलण्यापूर्वी हिशोबाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी.

पडदा बिघडल्याच्या घाईत फसवणूकही होते. ‘तुमचा कॉम्प्युटर बिघडला आहे, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी पानावर आली तर फोन करू नये, ब्राउझर बंद करावा. अनोळखी माणसाला दुरून मशीनचा ताबा देऊ नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

त्या दिवशी आंधळगावला फोन लावला, विणकराकडून खातेक्रमांक एकेक आकडा वाचून घेतला आणि पासबुकाच्या फोटोशी ताडला. आकडा ८ होता. मी ३ टाकणार होतो. संध्याकाळी मजुरी त्याच्या खात्यात पोचली. तेव्हापासून आमच्या मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : डाग काचेवर राहतो का? खिडकीबरोबर सरकतो का? फोनवरही दिसतो का? या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊनच दुरुस्तीवाल्याला फोन करावा. त्याचा वेळ वाचतो, आणि आपले पैसे.