‘चारचौघींसारखं’ नसलेलं दुखणं

आमच्या घरात पाळीच्या दुखण्यावर तीन उपाय ठरलेले: ओवा-गूळ, पोटावर गरम पाण्याची पिशवी आणि ‘लग्न झालं की थांबतं.’ पहिले दोन वाईट नाहीत. शेकल्यानं खरंच बरं वाटतं. तिसऱ्यानं मात्र माझी बरीच वर्षं खाल्ली. लग्न झालं, मग ‘एखादं मूल होऊ दे’ सुरू झालं.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय जोरात आकुंचन पावतं आणि कळा येतात. मळमळ, जुलाबही त्यांचेच. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेनची गोळी ही रसायनं तयार होणंच रोखते. म्हणून ती गडाबडा लोळायची वेळ आल्यावर नाही, तर कळ सुरू होताच, चार घास खाऊन घ्यायची. मेडिकलवाल्यानं पट्टी हातात ठेवताना हे कधी सांगितलं नाही. दमा, अल्सर, किडनीचं दुखणं असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नका. गोळीनंतर अंगावर पुरळ किंवा ताप आला तर ती थांबवून लगेच दवाखाना गाठा. मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या अशा गंभीर रिअ‍ॅक्शनबद्दल २०२३च्या अखेरीस सरकारी इशाराही निघाला होता.

माझं दुखणं असं नव्हतं. पाळीच्या कितीतरी आधी कंबर धरायची, संडासला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, गोळी लागू पडेना. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेऊ नका, ताई.” रिक्षात नवरा म्हणाला, “चला, काही निघालं नाही.” मला रडू फुटलं. काहीतरी निघायला हवं होतं मला!

निघालं ते पुढे, दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे: एंडोमेट्रिओसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोशावर, आतड्यालगत वाढतात. जगात प्रजननवयातल्या साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार निदानालाच अनेक ठिकाणी ४ ते १२ वर्षं जातात. साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी मला उतार पडला. काहींना दुर्बिणीतून शस्त्रक्रिया लागते.

बाईंनी आधी तारखा विचारल्या होत्या. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी मी खुणा करायचे, त्या कामी आल्या. तुम्हीही लिहा: कधी दुखलं, किती दुखलं, गोळीनं थांबलं का, संडास-लघवीला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं का. मुलगी दर महिन्याला शाळा बुडवत असेल तर ‘नाटकं’ म्हणण्याआधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. त्यासाठी लग्नाची वाट पाहायची नसते.

आणि गर्भाशयाची पिशवी काढण्याची घाई नको. बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी ऐन तिशीत गर्भाशय काढून घेतलं, कारण पाळीमुळे खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शिवाय एंडोमेट्रिओसिस पिशवी काढूनही उरू शकतो. पहिल्याच भेटीत कुणी ‘काढून टाका’ म्हणालं, तर फाइल उचला आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.