गुण कोणाचे, एकट्याचे की संघाचे?

आमच्या संगमनेरात संध्याकाळी शाळा सुटली की मैदानावर कबड्डीचे डाव रंगतात. एकदा तालुक्याच्या सामन्यांसाठी संघ निवडायचा होता. चढाई करणाऱ्या गड्याची एकच जागा उरली आणि दोन मुलांत वाद जुंपला.

“मी बारा गुण मिळवले, तू सहाच. जागा माझी!”

“तुझ्या बाजूला पकड करणारे तगडे गडी होते. ते माझ्या बाजूला असते तर?”

मी तिथून चाललो होतो. “सर, तुम्हीच सांगा,” असे म्हणून दोघांनी मला थांबवले. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही काय निकाल दिला असता? घाई करू नका. आधी एक जुना सामना पाहू.

डिसेंबर १९४८. पुण्याला रणजी करंडकाचा सामना चालू होता, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ धावा काढून बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले आणि नाबाद ४४३ वर पोचले. १९३० साली ब्रॅडमनने केलेला ४५२ धावांचा विक्रम हाकेच्या अंतरावर होता. पण काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि संघ मैदानावर परतलाच नाही!

निंबाळकर ४९४ मिनिटे खेळले. ४४३ ला ४९४ ने भागा. मिनिटाला सुमारे ०.९ धाव. विक्रम मोडायला हव्या होत्या दहा धावा. त्याच गतीने खेळते तर आणखी अकरा-बारा मिनिटे पुरली असती.

गणित ओळखीचे वाटते ना? अंतर = वेग × वेळ. तसेच धावा = धावांची गती × खेळायला मिळालेला वेळ. गती बरीचशी खेळाडूची, पण वेळ त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. भांडारकरांनी दुसरे टोक धरून ठेवले म्हणून एवढी मोठी भागी झाली, आणि शेवटी वेळ हिरावून घेतला तो प्रतिपक्षाने.

आता कबड्डीकडे वळू. चढाईत बाद झालेला गडी बाहेर बसतो. त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केला, की बाद झालेल्यांपैकी एकजण आत येतो. म्हणजे साथीदारांनी पकड केली तर याला लवकर चढाई मिळणार. नाही केली तर हा बसून राहणार.

मी त्या मुलांची वही मागितली. पहिल्याने २४ चढायांत १२ गुण मिळवले होते, दुसऱ्याने १२ चढायांत ६. भागाकार करा: दोघांचा दर अगदी सारखा, चढाईमागे अर्धा गुण! दुप्पट गुणांचे कारण दुप्पट चढाया, आणि त्या मिळवून दिल्या साथीदारांनी.

“म्हणजे दर काढला की झाले?” असे तुम्ही विचाराल. तेवढ्याने भागत नाही. समोर सात गडी असताना चढाई करणे वेगळे आणि तीन असताना वेगळे. समोरचे गडी कमी करण्यातही साथीदारांचा वाटा असतोच. हॉकीत तर हा गुंता आणखी वाढतो. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४–१ असा विजय मिळवला. त्यात रूपसिंगचे १० गोल आणि त्याचा भाऊ ध्यानचंद याचे ८. गोल ज्याच्या काठीने झाला त्याच्या नावावर लागतो. पण चेंडू तिथवर आणून देणाऱ्याचे काय?

प्रयोगशाळेत आपण काय करतो? एक गोष्ट बदलतो, बाकीच्या तशाच ठेवतो. इथेही तेच करायचे. प्रतिस्पर्धी तेच, मैदान तेच, फक्त साथीदारांची अदलाबदल. एकाच दिवशी क्रम उलटा करूनही खेळायचे, नाहीतर दमल्याचा परिणाम साथीदारांच्या माथी मारला जाईल.

आणखी एक सावधगिरी. नाणे दहा वेळा उडवा. पाच छाप पडायला हवेत, पण तीन किंवा सात पडले तरी नवल नाही. दहा फेकींत शेकडा १६ च्या आसपास चढउतार नेहमीचाच. शंभर फेकींत तो शेकडा ५ वर येतो. बारा चढायांवरून कोणाला श्रेष्ठ ठरवणे म्हणजे बारा वेळा नाणे उडवून त्याला खोटे ठरवण्यासारखेच आहे.

निवड पुढे ढकलली. चार संध्याकाळी साथीदार बदलून डाव झाले. दुसऱ्या मुलाला चढाया जास्त मिळू लागल्या आणि गुणही वाढले. पहिल्याचे गुण घटले. दोघांच्या दरात थोडा फरक होता, पण तेवढा नुसत्या योगायोगानेही पडतो. मग क्रीडाशिक्षकांनी पकड कोणाची चांगली ते पाहून निवड केली. जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. नुसती बेरीज पाहिली असती तर तो घरी बसला असता.

तेव्हा खेळाडूचे गुण साथीदारांवर अवलंबून असतात का? होय. किती, ते मात्र मोजूनच कळते. तुमच्या मैदानावर हा प्रयोग करून पाहा. वहीत तीन रकाने आखा: चढाया, गुण, आणि सोबत कोण होते. तिसरा रकाना विसरू नका.