एका रांगेत बसू या



दिवेलागणीला विदर्भातल्या पुष्कळ गावांत आजही माणसे एकत्र बसतात. सर्व मिळून प्रार्थना म्हणतात. हिला सामुदायिक प्रार्थना म्हणतात. सामुदायिक म्हणजे सर्वांनी मिळून केलेली.

ही प्रार्थना कोणी सुरू केली? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. १९०९ साली अमरावती जिल्ह्यात यावली गावी, एका गरीब घरात ते जन्मले. नाव माणिक. शाळा थोडीच झाली. आडकोजी महाराज त्यांचे गुरू. हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव भजने म्हणत. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. तेथून श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे काम खेड्याखेड्यांत गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. काम मात्र चालू आहे.

महाराजांची शिकवण काय?

देव एकच आहे. त्याला कोणत्याही नावाने हाक मारा. माणसांत उच्चनीच नाही. म्हणून प्रार्थनेला जातीची वेगळी रांग नाही. बाया आणि पुरुष, मालक आणि मजूर, सर्वांनी बसावे.

देवापुढे बोकड कापू नका. भूत, करणी यांच्या नादी लागू नका. दारू सोडा.

गाव हेच देऊळ समजा. प्रार्थना झाली की काम संपले नाही. सकाळी झाडू घ्या. रस्ता झाडा, नाली साफ करा. तीही पूजाच.

हे सारे महाराजांनी ‘ग्रामगीता’ या ग्रंथात लिहिले. त्यात ग्राम आरोग्य आहे, जीवन शिक्षण आहे, महिलोन्नती आहे. अंत्यसंस्कारावरही वेगळा अध्याय आहे.

आता माझी एक चूक सांगतो.

मी हेडमास्तर होतो. संध्याकाळी मंडळात ग्रामगीता वाचून दाखवत असे. तेरवीसाठी कर्ज काढू नका, असे लोकांना समजावून सांगत असे. पुढे माझे वडील वारले. काका म्हणाले, “मास्तर, तू नोकरीचा माणूस. तेरवी साधी केली तर लोक काय म्हणतील?”

मी गप्प बसलो. सावकाराकडून पैसे काढले. चारशे पानं उठली. व्याज फेडता फेडता घरची बैलजोडी विकावी लागली. शेती धाकटा भाऊ पाहत होता. त्या साली त्याने भाड्याच्या बैलांनी पऱ्हाटी पेरली. तो मला एक शब्द बोलला नाही. मला मात्र त्याच्याकडे पाहवत नव्हते.

आई गेली तेव्हा आम्ही भावांनी आधीच ठरवले. घरापुरता स्वयंपाक केला. मंडळाची माणसे आली, प्रार्थना झाली, बस्स. लोक दोन दिवस बोलले, मग विसरले. सावकार कधी विसरला होता का?

मला वाचता येत होते, तरी मी चुकलो. वाचलेले वागण्यात आणले नाही, म्हणून चुकलो.

आजवर दुसऱ्याने वाचले आणि तुम्ही ऐकले. आता तुम्हाला अक्षर येऊ लागले आहे. आज संध्याकाळी ग्रामगीतेच्या चार ओळी स्वतः वाचा. त्यातली एक तरी गोष्ट उद्या करून पाहा.

प्रश्न
१. तुकडोजी महाराजांनी आश्रम कोठे काढला?
२. प्रार्थनेत सर्व एका रांगेत का बसतात?
३. मास्तरांचे काय चुकले?
४. तुमच्या घरी कोणत्या कार्यासाठी कर्ज काढले होते? ते फिटले का? चार वाक्ये लिहा.